अल्लालची गाडी आणि माझी टाकी

...नाही, तुम्हीच सांगा मला, एकाच सालच्या, एकाच रंगाच्या दोन जुन्या डिझेल टॅक्स्या, एकाच पंपावर पिणाऱ्या, एकाच तळावर उभ्या राहणाऱ्या, आणि त्यातली एक रोज घाटात मान टाकते, तर दुसरी? दुसरी अर्ध्या चावीत सुरू! दुसरी अर्थातच अल्लालची. अल्लाल म्हणजे माझ्या बायकोचा मावसभाऊ, खनिफ्रा गावच्या टॅक्सीतळावर कायम माझ्या पुढे उभा, आणि माझ्या छातीवरचा धोंडा.

तशी माझी गाडी गुणाची हो! सकाळी सुरू व्हायची, सहा उतारू कोंबले तरी कुरकुर नाही, पण अझरू गावाकडचा चढ लागला की अर्ध्या वाटेत खोकणार, आचके देणार आणि गप्प. मग उतारू खाली उतरून सिगारेटी ओढणार, मी बॉनेटमध्ये डोकं घालणार, आणि त्यांची सिगारेट संपते न संपते तोच बाईसाहेब पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही! फिल्टर बदलला. हातपंप दाबून दाबून अंगठा सुजला. कुठून हवा ओढत असेल म्हणून पारदर्शक नळी लावली आणि बुडबुडे शोधत बसलो... एक बुडबुडा दिसेल तर शपथ! डिझेल खेचणारा पंप नवा टाकला. गॅरेजवाला म्हणाला टाकी धू, टाकी धुतली. आणि एवढं करून तळावर आलो की शेजारी अल्लाल, तोंडात पुदिन्याची काडी, मला विचारणार, काय बूश्ता, आज कुठे मुक्काम? आणि बसला, निघाला. अर्ध्या चावीत!

बाहेर जळतं ते जळतं, घरात तरी? शुक्रवारी कुस्कुसच्या परातीभोवती बसलो होतो, तर यामना, माझी बायको, सगळ्यांसमोर म्हणते, अल्लालच्या गाडीत पायपुसणंसुद्धा कसं धुतलेलं असतं नाही! मला जळकुकडा म्हणा, खुशाल म्हणा. जळतंय तर जळतंय!

त्यात यामनाच्या भावाच्या मुलीचं, इत्तोचं, लग्न निघालं. नवरा अझरूचा. नवरी कुणाच्या गाडीतून जाणार? मी हट्टच धरला, सख्खी आत्या माझ्या घरात, नवरी माझ्याच गाडीतून! गाडीला फिती लावल्या, फुलं लावली. पुढे मी, मागे अल्लालच्या गाडीत माम्या-मावश्या, सगळे हॉर्न वाजवताहेत, बायका आनंदाने जिभा हलवून लुलुलुलु करताहेत, आणि चढ लागला... आणि तुम्हाला कळलंच असेल.

गप्प! नवरीसकट गप्प!

म्हातारी मावशी मागून ओरडली, नवरीने वाटेत पाय खाली टाकायचा नाही, अपशकुन होतो! म्हणजे इत्तोला अल्लालच्या गाडीत बसवायचीही सोय नाही. मी लग्नाच्या कपड्यांत बॉनेट उघडायला धावलो, तर अल्लाल शांतपणे उतरला आणि सरळ मागे गेला. टाकीपाशी.

"थोडं थांबलं की आपोआप सुरू होते ना?" म्हणाला. "मग पंपाला का छळतोस?"

आणि त्याने झाकण फिरवलं. टाकीने असा काही श्वास ओढला म्हणता... सुस्सऽऽ... की इत्तो आतून म्हणाली, कोण रडलं?

अल्लाल झाकण उलटंपालटं करून बघतोय. "बूश्ता, ह्या भोकात मेण कुणी भरलं? डिझेल जाईल तेवढी हवा आत यायला नको? जीव गुदमरलाय तिचा."

आता काय सांगू त्याला? की मीच भरलं? त्याचं डिझेल माझ्यापेक्षा जास्त पुरतं, म्हणून मला वाटलं, शुक्रवारच्या नमाजाला मी कपाळ टेकवलं की हा माझ्या टाकीत नळी घालत असणार! म्हणून झाकणाखाली ट्यूबचं रबर ठोकलं, आणि भोकात मेण, कारण ह्याची वाईट नजर काय, सुईच्या नेढ्यातूनही जाऊन लागेल! म्हणजे चोर येऊ नये म्हणून मी माझ्याच गाडीचं नाक दाबून धरलं होतं, तुम्हाला सांगतो!

मी म्हणालो, गॅरेजवाल्याने भरलं असेल.

यामनाने माझ्याकडे एकदाच पाहिलं. तिला सगळं कळलं.

अल्लालने रबर फेकलं, टाचणीने भोक मोकळं केलं, माझ्या जागेवर बसला, आणि माझी गाडी, माझी, त्याच्या हातून... अर्ध्या चावीत!

मग मावशीबाईंनी निकाल दिला. पुन्हा बंद पडायला नको, नवरीची गाडी अल्लालच नेईल. बूश्ता, तू आमची गाडी घे. यामना पुढे इत्तोजवळ जाऊन बसली, आणि मी अल्लालच्या गाडीत, धुतलेल्या पायपुसण्यावर पाय ठेवून, माम्या-मावश्या घेऊन, त्या फितींच्या मागोमाग.

आणि खोटं कशाला बोलू, पूर्ण चढभर माझे डोळे पुढच्या गाडीवर, आणि मनात एकच, बंद पड गं माझे बाई, एकदा तरी बंद पड, त्याच्या हातात पड! डोळे दुखेपर्यंत दृष्ट लावली मी माझ्याच गाडीला.

अझरू आलं. साधं खोकलीसुद्धा नाही हो! म्हणजे बघा... नजर लावायची म्हटली, तर तीही अल्लालचीच लागते.