सोनालीच्या हातची खिचडी

माहेर माझं कामथडीचं, दिलं हितं गुंजवण्याला. सातवीत असताना न्हाण आलं आन् शाळा सुटली, कुणी सोड म्हणलं न्हाई, कुणी जा बी म्हणलं न्हाई, तशीच सुटली. आता गावातल्या शाळंत मी खिचडी शिजवते. गेल्या साली माझी सोनाली तिथंच सातवीला, म्हंजे काय सांगू तुमाला, घरी बी डोळ्यापुढं आन् शाळंत बी.

आमच्यात अडचण आली की बाईमाणूस बाजूला बसतं, भांड्याला हात लावत न्हाई. माझ्या सासूबाई ह्यात लई कडक. आन् शाळंतल्या मॅडम भोरच्या, नव्याच. त्यांनी सातवीच्या पोरापोरींचे वाढपाचे नंबर लावले, मोठी झाली आता, जबाबदारी घेऊ द्या म्हणल्या. चांगलंच की. पण सोनालीचा नंबर आला त्याच दिशी तिला अडचण. भिंतीला टेकून उभी, पळी घेईना, सगळ्यांला कळलं, पोरं फिदीफिदी हसली. पोरगी जी घरी पळाली ती दुसऱ्या दिशी अंथरूण सोडंना, मी न्हाई जायची आता शाळंत. सासूबाई म्हणल्या, बरं झालं, घरकाम शिकंल. म्या मनात म्हणलं, माझं झालं तेच हिचं व्हनार.

संध्याकाळी मॅडम घरी आल्या, ओट्यावर बसल्या, म्हणल्या, सोनाली, चूक माझी, नंबर लावताना हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. मंग त्यांनी पोरापोरींना एकत्र बसवून सगळं उघड सांगितलं, पोरींना पाळी का येती, पोरांचा आवाज का फुटतो. आधी समद्यांच्या माना खाली, मंग एकेक विचारायला लागला. मी चुलीपाशी ऐकत व्हते, मला बी तवाच कळलं बगा. शाळंतल्या मोरीच्या दाराला कडी बसली, कपाटात पॅड आली, मागायची गरज न्हाई. मैत्रिणी बोलवायला आल्या आन् सोनाली परत शाळंत गेली.

पुढं परत तसंच झालं, नंबर तिचा आन् अडचण बी. मॅडमनी मला हळूच विचारलं, ताई, बदलू का नंबर? म्या म्हणलं, नको, आन् पळी सोनालीच्या हातात दिली. तेवढ्यात सासूबाई दारात, नातीला घरी न्यायला. म्हणल्या, ठेव ती पळी. सोनाली माझ्याकडं बघती. जल्मात उलटून बोलले न्हाई त्यांना, पण त्या दिशी म्हणलं, आत्या, आज तीच वाढणार, जेवायचं आसंल तर बसा. मंग रांगंतला पहिला म्हणला, ए सोने, वाढ की, भूक लागली, मला जास्त घाल. एकजण बी हसला न्हाई. सगळी पंगत वाढून झाली, सासूबाई उभ्याच. शेवटी टेकल्या. नातीनं ताट म्होरं केलं, त्यांनी घास घेतला आन् म्हणल्या, मीठ कमी हाय. आवो, ते माझं काम, तिचं न्हाई!

आता सोनाली आठवीला, गावात शाळा सातवीपतुरच म्हणून रोज एसटीनं जाती, महिन्याचे ते दिवस बी बुडवत न्हाई. सासूबाईच हाक मारून उठवतात तिला, गाडी चुकंल म्हणून. माझं एकच म्हणणं हाय, वयात येणाऱ्या लेकराला, पोरगी आसू न्हाईतर पोरगा, घरी येऊन ओट्यावर बसणारी आशी मॅडम भेटू दे.