वरची फळी

प्रबंध जमा करायच्या खिडकीपुढे रांग होती. बाइंडर कुणाचा तरी गठ्ठा घेऊन उभा होता. त्याच्या पुढे प्रयोगशाळेतल्या मॅडम आणि त्यांची विद्यार्थिनी. तिच्या हातातल्या पाच काळ्या प्रती त्यानेच काल बांधल्या होत्या.

"मॅडम, आपला निष्कर्ष चुकलाय."

"हे आत्ता सांगतेस?"

"जिवाणू वाढवायच्या गार कपाटात वीस अंश होतं ते खालच्या फळीवर. आपले जिवाणू वरच्या फळीवर, मोटरशेजारी. रविवारी तिथे थर्मामीटर ठेवला. तीस निघालं."

"मग?"

"एन्झाइम काढूनही ते वाढले, म्हणून आपण लिहिलं की गारठ्यातही पेशीला रायबोसोम बांधायला एन्झाइम लागतच नाही. उबेत नाहीच लागत. आरएनएची चुकलेली घडी आपली आपण सुटते. गारठ्यात मात्र अडकून बसते. रविवारीच जिवाणू खाली ठेवले, आज सकाळी पाहिले. रायबोसोमची बांधणी अर्धवट."

"हळू बोल. परीक्षकांना फळीचं कोण सांगणार आहे?"

"मी."

"मुदत आज संपतेय. पाच वर्षं गेली तुझी."

"त्यातली चार वरच्या फळीवर."

खिडकीपुढचा माणूस पावती घेऊन गेला.

"आणि एन्झाइम परत दिलं तर?"

"तर बांधणी पुरी होते. ते घडी घालत नाही मॅडम, चुकलेली नुसती उलगडतं. नवी घडी आरएनए स्वतःच घालतो."

"पुढे या," खिडकीतून आवाज आला.

मॅडम मागे वळल्या.

"दादा, या प्रती सोडून परत बांधायला किती वेळ लागेल?"

"सोडायला पाच मिनिटं," बाइंडर म्हणाला. "बांधायचं तुमचं लिहून झालं की."