दोन तोंडांची वायर

त्या भोकात नको म्हटलं ना, यज्ञेश! — या कॉम्प्युटरच्या पुढच्या यूएसबीला जोर नाही. हार्ड डिस्क नुसती टकटक करते नि गप्प होते. मी काय खटपट केली नसेल? काका म्हातारा झाला म्हणजे बावळटही झाला, असं तुम्हा मुंबईकरांना वाटतं. — आणि तुझ्या लॅपटॉपवरही चालायची नाही. का नाही? नीट बघ. वायरीला एका टोकाला दोन तोंडं आहेत. एक माहिती नेतं, दुसरं नुसती वीज ओढतं, आणि दोन्ही खुपसल्याशिवाय डिस्क फिरत नाही. तुझ्या लॅपटॉपचं एक भोक डावीकडे, एक उजवीकडे. वायर वीतभर. पोचणार कशी? — म्हणून म्हणतो, राहू दे.

तुझ्या वडिलांचा रुद्र आहे त्यात, हे तू मला सांगतोस? अण्णांच्या कॅसेटींना बुरशी चढली तेव्हा ऋजुताने, तुझ्याच बहिणीने, सगळं यात भरून आणलं; तू तेव्हा कुठे होतास? कामात. अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हाही कामातच. आणि आता वर्षश्राद्ध उरकल्यावर तुला रुद्र शिकायची इच्छा झाली — उत्तम, शीक! पण यंत्राकडून? मी काय मेलोय? अण्णांच्या मांडीला मांडी लावून मी संथा घेतली. ते गेल्यापासून श्रावणी सोमवारी देवळात रुद्र कोण म्हणतं? मी म्हणतो. मालगुंडहून माणसं येतात, वाकून नमस्कार करतात. रुद्र गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात जातो, वायरीतून जात नाही. 'काका, तुमच्याकडे नंतर बसेन, आधी बाबांचं ऐकतो' — हे म्हणायला तुझी जीभ धजावली कशी?

आता कुठे वाकलास? मागे? — आहेत, मागे दोन भोकं शेजारी-शेजारी आहेत, मी कुठे नाही म्हणालो? तू विचारलं नाहीस. कोळिष्टकं आहेत तिथे, कपडे खराब होतील. — बरं, लाव बापड्या. दोन्ही तोंडं लाव. ... नाही ना चालली? मग! दसऱ्यापासून अशीच आहे. काय केलं म्हणजे? पूजा केली. सरस्वतीशेजारी पाटावर मांडली, गंध लावलं, फूल वाहिलं, अक्षता वाहिल्या — हसतोस? बापाचा आवाज आहे तो तुझ्या. पाटावर नाही तर काय चपलांपाशी ठेवायचा? — थांब, पिनेने काय कोरतोस? डिस्कचं तोंड आहे ते, दात नव्हे. — काय निघालं? तांदूळ? ... अक्षतेचा दाणा. हं. म्हणून वायर पुरती आत जात नव्हती. मी म्हटलं, ईश्वराने बंद केली. बरं झालं, म्हटलं. — काही नाही, बरं झालं असं कोण म्हणालं?

लागली. अण्णाच. काय खणखणीत आवाज होता — पुरे, ऐकलास ना, आता बंद कर. पुढे काही नाही रे. पुढे खोकला आहे, मागे कामवाली सगुणा भांडी घासते आहे, ते काय ऐकायचं? — यज्ञेश, पुढे ढकलू नकोस. दुसऱ्या अनुवाकाच्या पुढे नको. मी सांगतो म्हणून नको!

...

ऐकलंस. असा काय वळून बघतोस? 'परशू, तू थांब. तुझा स्वर चुकतो. तू नुसतं ऐक.' — मग? थोरले होते, म्हणाले! एकदा का म्हणाले? जन्मभर म्हणाले. आणि मी ऐकलं, शेवटच्या आजारात उशाशी बसून ऐकलं, तेव्हा तू नव्हतास! देवळात आजवर एकाही माणसाला माझा स्वर खटकला नाही. महादेवाला खटकला असेल, पण तो बोलला नाही. आता तू शिकशील, आणि त्या सगळ्या गर्दीत तुला एकट्याला कळेल. — पाया पडू नकोस. हात लावू नकोस मला! ने ती डिस्क. तुझ्या वडिलांची आहे, ने. वायरही ने. आणि या श्रावणात तू देवळात — नाही. काही म्हणायचं नाही मला. नीघ. चहा झाला असेल तर तोही नको पिऊस. नीघ म्हणतो ना!