पाण्याचा प्रोजेक्ट आणि रजनी

माझा जन्म दिल्लीचाच, करोल बागेतला, वडील सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, त्यामुळे मी नक्की कुठली ते मला आजही सांगता येत नाही. लग्न होऊन फरीदाबादला आले तेव्हा नवे सेक्टर वसत होते आणि गल्लोगल्ली इंग्लिश स्कूल निघत होती. तसल्याच एका शाळेत मी सायन्स शिकवायला लागले. शिकवायचं म्हणजे काय, मी उत्तरं सांगायची, मुलांनी लिहून घेऊन पाठ करायची, बिल्कुल छान चाललं होतं.

मग काय सांगू तुम्हाला, प्रिन्सिपल मॅडम कुठलंसं ट्रेनिंग करून आल्या आणि म्हणाल्या, नववीकडून प्रोजेक्ट करवाओ. प्रोजेक्ट म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, त्यांनाही नसावं. मी मुलांना म्हटलं, पाण्यावर काहीतरी करून आणा, तर सगळ्यांच्या आयांनी थर्मोकोलचे धबधबे करून पाठवले, वर चमकी लावून. रजनी म्हणून एक मुलगी होती, तिनं काहीच आणलं नाही. म्हणाली, मॅडम, हम तीसरी मंज़िल पर रहते हैं, हमारे यहाँ पानी चढ़ता ही नहीं, क्यों नहीं चढ़ता? आता हे कुठल्या धड्यात असतं, सांगा. मी म्हटलं, चलो, बघू या.

मग पोरं सकाळी पाणी यायच्या वेळेला घरोघर जाऊन बघायला लागली. खालच्या मजल्यांवर जिथे तिथे टुल्लू पंप, थेट सरकारी लाइनला जोडलेले, पाणी आलं की ओढून घेणारे, वर चढायला उरणार काय. मुलांनी पंपांच्या पाळ्या ठरवल्या आणि घरी हट्ट धरला. काही घरांनी ऐकलं, काहीजण शाळेत भांडायला आले, पण रजनीकडे पाणी चढलं, यार, खरंच चढलं.

पण धडे राहिले ना. पुढे दहावीत रजनीला मार्क कमी पडले, अकरावीला सायन्स मिळालं नाही. तिचे वडील आले, हात जोडून म्हणाले, मॅडम, पानी तो ऊपर चढ़ गया, लड़की नीचे रह गई. आणि गंमत बघा, तरी उत्तरं लिहून देणं मला पुन्हा जमलंच नाही. दरवर्षी काही ना काही शोधायला मुलांना बाहेर काढायचे, पोरं खूश, मीही खूश, आणि मनात मात्र एकच, मी त्या पोरीचं वाटोळं केलं की काय?

परवा, इतक्या वर्षांनी, रजनीचा फोन आला. मानेसरला शिकवते म्हणे, कारखान्यातल्या कामगारांची मुलं. वर्गाला विचारलं, वडील कंपनीच्या बसनं जातात तिथे काय बनतं, तर मुलांनी इतके प्रश्न काढलेत की हिला एकाचंही उत्तर येईना. म्हणाली, मॅडम, आपको तो सब पता होता था ना?

मी म्हटलं, नहीं बेटा, कुछ नहीं पता था.

ती म्हणाली, तो फिर मैं ठीक कर रही हूँ.

मला तिच्या दहावीच्या मार्कांचं विचारायचं होतं, ते राहूनच गेलं. तिच्या या बोलण्याला माफी म्हणायचं की काय, मला कळत नाही. सुखी राहो पोर, आणि तिची ती मुलंही.