देवळाची तुळई पाचगणीला गेली

मंडळी, आज एकच प्रश्न. जुनं झालं म्हणजे निकामी झालं का? — लगेच माना हलवू नका! आधी ऐका.

आठ वर्षांमागं आपण भैरोबाचं हे देऊळ मोडून स्लॅब टाकला. सभामंडपाची सागवानी तुळई खाली काढली. टोक कुजलेलं. सगळे म्हणाले, "सरपण करा." एकटा तात्याबा सुतार म्हणाला, "कूज बोटभर आहे. आत नुसतं लोखंड आहे." त्यावर सरपंच काय बोलले? "म्हाताऱ्याला म्हातारंच आवडायचं!" सभा हसली. मीही हसलो, देवासमोर खोटं कशाला सांगू? तात्याबानं तुळई गाडीत घातली आणि गुमान घरी नेली.

आता चला पाचगणीला, खोर्शेदबाई नावाच्या पारशी बाईंच्या बंगल्यात. थंडी अशी, की दातच टाळ वाजवतात! घरात फायरप्लेस. म्हणजे काय? भिंतीतली चूल समजा — भाकरी नाही हं, नुसती ऊब! तिच्या माथ्यावर जाड फळी बसवतात. बाईंनी दोनदा नवीकोरी फळी बसवली. दोन्ही वेळा आग पेटली, की — तडाड! फळी उभी फुटली. का? लाकूड ओलं. वरून देखणं, पोटात पाणी. असली माणसंही असतात, मी नावं घेत नाही!

मग बाईंनी तात्याबाला बोलावलं. तो घरी ठेवलेली आपली तुळई घेऊन गेला. कुजकं टोक कापलं, वाकसानं तासलं, रंधा मारला — आतून मधाचा रंग! एक खिळा नाही, लाकडाच्या खुंट्यांवर फळी बसवली. मधोमध भोक होतं. बाई म्हणाल्या, "तात्याबा, ते भोक बुजवा नी."

"नाही बाई. तिथं आमच्या देवाची घंटा होती."

"बरं. पण हीपण फाटली तर?"

"तर पुन्हा वाकस हातात धरणार नाही."

पन्नास वर्षांची कारागिरी पणाला लावली, मंडळी!

आग पेटली. तात्याबा शेजारी कान देऊन उभा. एक तास झाला, दोन झाले. फळी चांगली तापली. आवाज? नाही! अहो, ऐंशी उन्हाळे खाल्लेलं लाकूड ते. आकसायचं तेवढं आपल्याच डोक्यावर आकसून झालं होतं. बाईंनी फळीवर दिवा ठेवला आणि हात जोडले. तात्याबानं फळीवरून हात फिरवला, म्हणाला, "मी सांगितलं होतं."

कुणाला सांगितलं होतं? आपल्याला!

आता वर बघा. स्लॅब गळतोय. खाली बादली आहे, टपटप माझ्या चिपळ्यांना ताल धरतीय. आणि तात्याबा कुठं बसलाय? — तिकडं, चपलांपाशी. मला अभिमान वाटतो, की असा माणूस आपल्या गावचा आहे. आणि लाज वाटते, की हे पाचगणीला आधी कळलं.

सरका जरा, वाट द्या त्याला. कीर्तन संपलं की बुवाच्या गळ्यात हार घालता ना? आज तो त्याच्या गळ्यात घाला. आणि पाया पडायची रांग तिथून लागू द्या — पहिला मी आहे.