फोमवाल्याच्या पंगतीत

वकीलबाई : कुणाचं देणं राहिलं तर नाही ना, हे मी तीनदा विचारलं. तीनदा तुम्ही मान हलवलीत.

भाऊ : बाहेरचं सगळं सांगितलं की. बँक, फोमवाला, रेक्झिनवाला. ताईचं घरातलं आहे हो.

वकीलबाई : घरातलं असो नाही तर दारातलं, कायद्याला ते कर्जच.

ताई : बाई, तुमचा फोन आला म्हणून मी आले. हा तर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय. याच्या सोफ्याच्या कारखान्याचं झालंय तरी काय?

भाऊ : एका हॉटेलच्या खुर्च्या केल्या होत्या, ताई. माल पोचला आणि हॉटेलला टाळं लागलं. सामान सगळं उधारीचं.

ताई : कधीची गोष्ट?

भाऊ : गेल्या वर्षीची.

ताई : अरे देवा! आणि दर महिन्याला माझ्यासमोर बसून चहा पीत होतास. घशाखाली उतरला कसा?

वकीलबाई : आता दोनच वाटा आहेत, ताई. दिवाळखोरी जाहीर केली, तर यंत्रं लिलावात जातील आणि शटरला सील लागेल. नाही तर तडजोडीचा करार. पाच वर्षं हे माझ्याकडे हप्ता भरतील आणि मी तो सगळ्यांना एकाच मापानं वाटीन. रुपयाला चाळीस पैसे. उरलेलं माफ. कारखाना मात्र चालू राहील.

ताई : मग ही दुसरी वाट धरा ना.

वकीलबाई : बाकीचे तयार झालेत. पण यांनी तुमचं नाव लपवलं आणि तुम्हाला गुपचूप पुरा हप्ता देत राहिले. उद्या बँकेला कळलं, तर करार मोडलाच म्हणून समजा.

भाऊ : भाऊजींच्या मागे उरलेले पैसे होते ते! देताना हिनं चिठ्ठीसुद्धा लिहून घेतली नाही. हिच्या हातावर चाळीस पैसे ठेवू? बहिणीला फोमवाल्याच्या पंगतीला बसवू?

ताई : बसव की. माझ्या पानात वाढत होतास ते त्याचंच होतं ना? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!

भाऊ : त्याला काय कमी आहे? गाडीतून फिरतो तो.

ताई : त्याच्या घरी जाऊन पाहिलंस? माझ्या घरी येत होतास, तरी मला कुठे काही कळलं?

वकीलबाई : ताई, एक कडू गोष्ट सांगायची राहिली. तुम्हाला जास्त मिळालंय ते तुमच्या वाट्यातून वळतं करावं लागेल. पहिलं दीड वर्ष हातात काही पडणार नाही.

ताई : काहीच नाही?

वकीलबाई : काहीच नाही.

ताई : त्यातून घरभाडं भरते हो मी.

भाऊ : म्हणून तर बोललो नाही! बाई, दिवाळखोरीच लिहा. कुठेतरी नोकरी धरीन आणि हिचं पै न् पै फेडीन.

ताई : या वयात तुला नोकरी कोण देतंय? बाई, दिवाळखोरीत मला काय मिळेल?

वकीलबाई : खरं सांगू? यंत्रं जुनी आहेत. बहुतेक काही नाही.

ताई : आणि याच्या हाताखालची माणसं?

वकीलबाई : त्याच दिवशी घरी.

ताई : मग घाला माझं नाव. सही कुठे करू?

वकीलबाई : इथे. घरी नेऊन विचार केलात तरी चालेल.

ताई : घरी विचारायला आहे कोण?

(ताई चष्मा शोधते. भाऊ तिच्या पिशवीतून काढून देतो. ती सही करते.)

भाऊ : ताई, भाड्याचं काय करशील?

ताई : पुढची खोली सोडून देईन. एकट्या बाईला मागची पुरे.

भाऊ : मग मी आलो की बसायचं कुठे?

ताई : आधी ये तर खरा.