चौदा प्रश्नांचा फॉर्म

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या छापखान्याचे व्यवस्थापकसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आमचे दादा, शेजारी बसलेल्या वहिनी आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

दादांबद्दल चार शब्द मी बोलावेत असं ठरलं. खरं तर मी बोलणारा माणूस नव्हे. बावीस वर्षं मशीनपाशी काढली, दादा फोरमन आणि मी त्यांच्या हाताखाली. त्या आवाजात माझं गप्प राहणं खपून गेलं.

तीन वर्षांपूर्वी मला हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यात रोज कोण यायचं? दादा! वहिनींनी दिलेला डबा घेऊन. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी एक फॉर्म दिला, मनाबद्दल चौदा प्रश्न. काळजी मनातच ठेवता का? चारचौघांत अवघडता का? भीती वाटते का? म्हणाल्या, "आतल्या आत कुढणाऱ्या पेशंटची आम्हाला जास्त काळजी असते. खरं तेच लिहा."

चष्मा घरी राहिला होता. दादा म्हणाले, "अरे, तू सांग, मी खुणा करतो." सांगितलं. बायकोला कधी बोललो नाही तेही सांगितलं. झोपायची भीती वाटते, दिवसातून दहादा नाडी बघतो. आणि हमसून हमसून रडलो. दादांनी पाठीवरून हात फिरवला.

पुढच्या वर्षी दादा निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागी मी, असं सगळेच धरून चालले होते. डॉक्टरीणबाईंनीही कामाला हरकत नाही असं लिहून दिलेलं. पण दादांना दोन वर्षं मुदतवाढ मिळाली. पहिला हार मीच घातला, आठवतं ना?

गेल्या सोमवारी या भाषणासाठी तारखा हव्या होत्या, म्हणून ऑफिसातून दादांची फाइल मागवली. त्यात मुदतवाढीचा अर्ज. अक्षर दादांचं. 'माझ्यानंतरचा माणूस मनाने खचलेला आहे. एकटा बसून रडतो. जबाबदारी झेपणार नाही.'

अहो, एकटा कुठे रडलो दादा? तुमच्यासमोर रडलो!

व्यवस्थापकसाहेब, घड्याळ बघू नका, संपवतोच आहे. पुढच्या महिन्यात मीही निवृत्त होतोय. फोरमनची जागा आता मला मिळणार नाही, त्याचं एक वेळ सोसेन. पण त्या दिवसानंतर मी कुणापाशी मन मोकळं केलं असतं तर दादांपाशीच. आता कुणापाशी करू?

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. वहिनी, त्या डब्यांचे उपकार विसरणार नाही. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. दादा, तुमची मात्र मी माफी मागत नाही.